गुरुवारची लिफ्ट

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. भोसरी, महाळुंगे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आणि कारखाने बंद म्हणून वीज कंपनीही तारांची, डीपीची दुरुस्ती गुरुवारीच काढते. सकाळी साडेनऊ-दहाला लाईट जाते ती चार-पाचला येते. दर गुरुवारी जाते असं नाही, पण महिन्यातले दोन-तीन धरूनच चालायचे. म्हणजे माणूस ज्या दिवशी घरी असतो नेमक्या त्याच दिवशी पंखा बंद, पाण्याची मोटर बंद, लिफ्ट बंद. जनरेटर होता, पण बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात. प्रत्यक्षात आम्हाला त्याच्यासाठी बांधलेला सिमेंटचा ओटा मिळाला.

मोशीतल्या या सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, आईवडिलांबरोबर. आमच्या दोन मजले वर, पाचव्यावर, भाऊ राहायचे. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मूळचे खेडकडचे, शेतकरी घरातले. चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला होते. एक दिवस तिथली फोर्कलिफ्ट मागे आली आणि भाऊंचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. तेव्हापासून व्हीलचेअर. मग वहिनी महाळुंग्याला, गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत जायला लागल्या. सकाळी सहाची बस, संध्याकाळी परत, मध्येच ओव्हरटाइम. भाऊंना खुर्चीत बसवणं, लिफ्टमधून खाली नेणं, पार्किंगच्या तोंडाशी एक उंच पायरी आहे ती खुर्ची मागे कलती करून उतरवणं, हे वहिनींना जमायचं. दुसऱ्या कुणाला भाऊ हात लावू देत नसत. आणि वहिनींना सुट्टी फक्त गुरुवारी.

गेटबाहेर चहाची टपरी आहे. भाऊंच्या जुन्या शिफ्टमधले चार-पाच जण गुरुवारी तिथं जमायचे. लाईट असली की भाऊ खाली असायचे, दुपारच्या जेवणापर्यंत हलायचे नाहीत. कोण सुपरवायझर झाला, कुणाला कायम केलं नाही, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं त्यांना तिथंच कळायचं. लाईट नसली की ते पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडायचे, "अरं, माझा कटिंग दोरीला बांधा की!"

खालून कुणीतरी म्हणायचं, "तुमीच उडी मारा भाऊ, झेलतो आमी!"

सगळे हसायचे. भाऊ पण हसायचे आणि खुर्ची आत वळवायचे. त्या माणसाला सोसायटीकडून एवढंच हवं होतं. गुरुवारी खाली उतरायचं होतं.

मी कॉलेजपासून चळवळीत आहे. इंद्रायणीतला फेस, कचऱ्याचे ढीग, झाडतोड, सगळ्यावर पत्रकं लिहिलीत. पत्रक लिहायची एक शिस्त आमच्या ज्येष्ठांनी शिकवली होती: एका पानावर एक मागणी, वाक्य छोटं, आणि शंकेला जागा नाही. वाचणाऱ्याच्या मनात शंका आली की पत्रक रद्दीत. मी ती शिस्त इतकी अंगी लावून घेतली की हळूहळू मला स्वतःलाही शंका यायच्या बंद झाल्या.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवा, हे पत्रक मी लिहिलं. प्रत्येक दाराखालून सरकवलं. त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: 'लाईट जाईल, लिफ्ट थांबणार नाही!' ही ओळ मला कुणी सांगितली नव्हती. मी कुठं वाचलीही नव्हती. सूर्य वर आहे, पॅनल गच्चीवर आहे, लिफ्ट खाली आहे, मग थांबेल कशाला? इतकं सरळ होतं ते माझ्या डोक्यात.

भाऊंनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि मला वर बोलावलं.

"खरं हाय का हे?"

"शंभर टक्के."

"गुरुवारी बी?"

"गुरुवारसाठीच तर आहे, भाऊ."

त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. मग व्हीलचेअरवर बसून पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या सगळ्या सह्या त्यांनी स्वतः गोळा केल्या. पाचवा मजला फिरून झाला की लिफ्टनं सहाव्यावर. बायका त्यांना चहा घ्या म्हणायच्या, तर म्हणायचे, "आधी सही, मग चहा." ठराव मंजूर झाला तो माझ्या पत्रकानं झाला असं मी मानत होतो. झाला तो त्यांच्यामुळे. त्यांना दारातून नाही म्हणून परत पाठवायची कुणाची छाती झाली नाही.

आता खरेदी. आमच्या सोसायटीत इंजिनिअर पोत्यानं आहेत. सचिव एका सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी सोलरची खरेदी अगदी कंपनीच्या रिवाजानं केली. तीन कोटेशन मागवली, एक तक्ता बनवला, तिघांनाही तक्त्यातल्या त्याच रकान्यांत उत्तरं द्यायला लावलं. किती किलोवॅट, कुठल्या बनावटीचे पॅनल, वॉरंटी किती वर्षं, बिल किती कमी होणार. लाईट गेल्यावर काय, असा रकानाच नव्हता. कारण त्यांच्या कंपनीत लाईट गेल्यावर काय करायचं ते दुसरं खातं बघतं. हा विनोद नाही. त्यांनी नंतर मला हे खरोखर सांगितलं.

तिसरे विक्रेते होते भोसरीतले एक काका. मोटर वाइंडिंगचं जुनं दुकान, आता सोलरही करतात. पार्किंगमध्ये टेबल टाकून मीटिंग होती. काकांनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "आधी एक सांगा. लाईट गेल्यावर तुम्हाला काही चालवायचंय का?"

सचिव म्हणाले, "ते नंतर. आधी रेट बोला."

"अहो, नंतर कसं? त्याच्यावरच इन्व्हर्टर ठरतो. ऑन-ग्रिड, म्हणजे नुसता लाईनला जोडलेला, घेतला तर बिल कमी होईल, पण लाईट गेली की तो पण झोपणार. ऑफ-ग्रिड हा लाईनच नाही अशा रानातल्या घराला. तुमच्यासारख्याला हायब्रिड. लाईनला पण जोडलेला, बॅटरीला पण. मग लाईट जाऊ द्या, लिफ्ट चालेल. पण लिफ्टच्या मोटरला उचलताना झटका मारावा लागतो, तो सोसेल एवढा मोठा घ्या. फोटोवरून घेऊ नका."

इतकं स्पष्ट. मी तिथंच होतो, दोन हातांवर. आणि बॅटरी हा शब्द ऐकून मी उठलो. कारण त्याच्या आदल्या महिन्यात मी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या भट्ट्यांवर पत्रक लिहिलं होतं. माझं रक्त गरम होतं. मी म्हणालो, "स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली विषारी बॅटऱ्या गळ्यात मारायचा हा धंदा आहे. या सोसायटीत बॅटरी येणार नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "शिशाच्या नाहीत आता, लिथियमच्या मिळतात. तुम्ही काय करता?"

"मी सामाजिक काम करतो."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

त्यांच्या कोटेशनवर सचिवांनी तक्त्यात लिहिलं: 'तुलनेत बसत नाही.' बाकी दोघांचा माल एकसारखा होता, यांचा वेगळा होता. आणि वेगळ्या मालाची तुलना करता येत नाही, म्हणून बाद. आमच्या गरजेचं उत्तर ज्या एका कागदावर होतं तोच कागद नियमानं बाद झाला. नियम बरोबर होता. आणि तो बाद झाला तेव्हा टाळ्या मी वाजवल्या होत्या.

बाकी दोघांतला स्वस्त तो घेतला आणि उद्घाटन झालं. नारळ फुटला, अध्यक्षांनी फीत कापली, इन्व्हर्टरच्या पेटीला हार घातला. भाऊ गच्चीवर येऊ शकत नव्हते, लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते. मी त्यांना फोनवर व्हिडिओ दाखवला. "छोटाच हाय की रं," पेटी बघून ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पावणेदहाला लाईट गेली. मी मुद्दाम घरी थांबलो होतो. जिन्यानं पाचव्यावर गेलो तर भाऊ लिफ्टच्या दारासमोर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मागे वहिनी खुर्चीच्या दांड्या धरून. लिफ्टवरचा मजल्याचा आकडा विझलेला होता.

"लागंल ना थोडा वेळ?" वहिनींनी विचारलं.

मी गच्चीवर पळालो. ऊन असं की पॅनलकडे बघवत नव्हतं. इन्व्हर्टरवर लाल दिवा, पडद्यावर एक ओळ: ग्रिड नाही. मी विक्रेत्याला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडलो. तो शांत होता, त्याला असे फोन रोज येत असणार.

"सर, ऑन-ग्रिड आहे तुमचा. लाईट गेली की तो बंद होणारच. तसाच बनवलेला असतो."

"अहो, पण वर सूर्य आहे!"

"सूर्य आहे सर, पण खांबावर वायरमन पण आहे. लाईन बंद आहे समजून तो तारेला हात घालतो. तुमची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर माणूस जाईल ना."

इतकी वर्षं मी ज्याच्यावर ओरडलो तो प्रत्येक वेळी कुठंतरी चुकलेला असायचा. हा माणूस बरोबर होता. इन्व्हर्टर बरोबर होता. खांबावरच्या वायरमनचा जीव तर होताच बरोबर. चूक असेल तर ती पत्रकात होती, आणि त्याखाली माझं नाव छापलेलं होतं.

मी खाली आलो. भाऊंना सांगितलं. वायरमनचं, ग्रिडचं, सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी गुरुवारी सूर्याला बी सुट्टी."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागे ओढली.

एवढ्यात टपरीवरचे मित्र जिन्यानं वर आले. लिफ्ट चालणार म्हणून भाऊंनीच त्यांना आठवडाभर सांगून ठेवलं होतं. एकानं परिस्थिती बघितली आणि म्हणाला, "चला राव, उचलून नेऊ! पाच मजले काय, कंपनीत याच्यापेक्षा जड लोखंडी डाय उचलल्यात." भाऊ नको नको म्हणत होते. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत घातलं, चौघांनी चार पाय धरले. मी व्हीलचेअर घडी करून मागून निघालो. तिसऱ्यापर्यंत हसत-खिदळत आले. दुसऱ्याच्या वळणावर पुढच्या एकाची चप्पल सटकली. खुर्ची कलली. भाऊंनी कठडा धरला, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. पडले नाहीत. पण त्या घटकेला त्यांच्याजवळ आपलं म्हणून काही नव्हतं, सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं.

"ठेवा खाली," ते म्हणाले.

"अहो, दोनच मजले—"

"खाली ठेव म्हनलं ना!"

दुसऱ्या मजल्याच्या त्या वळणावर भाऊ लाईट येईपर्यंत बसून राहिले. वर जायचं नाही, खाली जायचं नाही. वहिनींनी डबा तिथंच आणून दिला. मित्र तासभर पायऱ्यांवर बसले, मग एकेक करून गेले. माझ्याशी भाऊ बोलले नाहीत. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना जन्मभर दुवा दिला असता.

त्यानंतरच्या गुरुवारी ते गॅलरीतही आले नाहीत.

मी वडिलांच्या नावानं सर्वसाधारण सभेत ठराव आणला. लिफ्टपुरता हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. या वेळी मी अभ्यास करून गेलो होतो. भोसरीच्या काकांच्या दुकानात तीन वेळा बसलो, मोटरचा झटका म्हणजे काय ते शिकलो. ते पहिल्यांदा म्हणाले, "या, सामाजिक काम," आणि मग सगळं नीट समजावलं.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "आत्ताच तर घेतला. परत दुसरा?"

एक गृहस्थ म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस, तोही काही तास. एका फ्लॅटसाठी सगळ्यांनी भुर्दंड सोसायचा का?"

वहिनी उठल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "सह्या घ्यायला आले तेव्हा एका फ्लॅटसाठी नव्हतं का? तेव्हा त्यांच्या खुर्चीकडं बघून सही केली, अन् बिल कमी झालं तुमचं."

मग सचिवांनी फाईल उघडली. चष्मा लावून मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचला: 'बॅटरीयुक्त प्रस्तावास तिसऱ्या मजल्यावरील सभासदाच्या मुलाने पर्यावरणाच्या कारणास्तव तीव्र विरोध केला.' फाईल मिटली. "आम्ही तुमचंच ऐकलं," ते म्हणाले. खवचटपणा नव्हता त्यांच्या आवाजात, हेच वाईट. हात वर झाले. ठराव पडला.

वहिनी जाताना माझ्यासमोर थांबल्या. "तुम्ही बोलला होतात हे?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

महिन्याभरात भाऊंनी फ्लॅट विकायला काढला. महाळुंग्यात वहिनींच्या कंपनीजवळ तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या होत्या. दारातून थेट रस्ता. पण हा विकल्याशिवाय त्या घेता येत नव्हत्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तरुण जोडपं. एजंट त्यांना पार्किंगमध्ये सांगत होता, सोलर सोसायटी आहे, लिफ्टचं टेन्शन नाही. मी गाडी लावत होतो. त्या मुलानं सहज मला विचारलं, "गुरुवारी पण चालते ना लिफ्ट?"

मी म्हणालो, "नाही." आणि का नाही ते सांगितलं. पूर्ण सांगितलं. या विषयावर मी वेळेवर बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. जोडपं वर न जाताच निघून गेलं.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. त्या जिन्यानंतरचा पहिला.

"काय रं, गिऱ्हाईक तू परतवलं?"

"त्यांनी विचारलं, भाऊ. खोटं कसं बोलू?"

"मला बोलतानी जमलं की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ. तुझ्या खोट्यानं मी वर अडकलो, आता तुझ्या खऱ्यानं बी वरच राहू का? पुढचं गिऱ्हाईक येईल तवा तू घरात बसायचं. दार लावून. तेवढं कर माझ्यासाठी."

मी कोपऱ्यावरच्या सभेत पोलीस समोर असताना बोललोय. नगरसेवकाच्या तोंडावर बोललोय. पुढच्या बुधवारी एजंट दुसरं कुटुंब घेऊन आला तेव्हा मी दार लावून घरात बसलो. लिफ्ट वर गेलेली ऐकली. बऱ्याच वेळानं खाली आलेली ऐकली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज कुठं गेला नाहीस?" मी म्हणालो, बरं वाटत नाही.

फ्लॅट गेला. भाऊ महाळुंग्याला गेले. मी तिकडे अजून गेलेलो नाही. वहिनींना एकदा चाकण चौकात बसची वाट बघताना पाहिलं. मी हात केला, त्यांनीही केला. जवळ गेलो, तर भाऊ गुरुवारी दारात खुर्ची लावून बसतात, एवढं त्या म्हणाल्या. मित्र येतात का, हे मी विचारलं नाही.

पाचव्यावर आता एक मुलगा राहतो, हिंजवडीला आयटीत आहे, आणि त्याची आई. पाय दुखतात म्हणून लिफ्ट बघून घर घेतलेल्या बाई त्या. त्यांच्या पहिल्या बिनलाईटच्या गुरुवारी त्या भाजी घेऊन जिन्यानं वर येत होत्या. आमच्या मजल्यावर थांबल्या, एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर. मी दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "वर सोलर आहे म्हणाले होते ना?"

"आहे, काकू. पण तो ऑन-ग्रिड आहे. त्याचं काय असतं, इन्व्हर्टरचे तीन प्रकार—"

"ते राहू दे बाळा," त्या उठत म्हणाल्या. "ही पिशवी धर जरा. अजून दोन मजले आहेत."